बाई, तुमचे नाव सांगा

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरतात. वर्षभर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. स्टीलच्या आणि काचेच्या राज्यात पितळेला विचारतो कोण? पण या दिवसांत चिंच आणि राख घेऊन ती लख्ख घासायची, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. या कामावर मुलांची नेमणूक असते आणि कुरकुरत का होईना, ती ते पार पाडतात. गेल्या वर्षी असाच एक तांब्या घासता घासता धाकटीने मला हाक मारली.

"बाबा, याच्यावर कुणाचं नाव आहे? आपल्या घरात तर या नावाचं कुणीच नाही."

ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेले ते नाव माझ्या आजीचे होते. ते तिचे सासरचे नाव नव्हे, माहेरचे. लग्नात मामाने दिलेला हा तांब्या. त्यावर तांबटाकडून भाचीचे नाव घालून घेण्याची हौस मामाला होती, म्हणून ते नाव राहिले. एरवी ते कुठेच राहिले नसते.

मुलीला मी म्हणालो, "हा तांब्या साधासुधा नाही. तो एकदा सरकारदरबारी साक्षीला उभा राहिलेला आहे."

ती हकीकत मी तिला सांगितली आणि आता वाचकांना सांगणार आहे. परंतु ती नीट कळायची तर आधी थोडा इतिहास सांगायला हवा. मी इतिहासाचा पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही; पोटासाठी मुले शिकवतो आणि जिवासाठी कादंबऱ्या लिहितो. पण नागरिकशास्त्राचा तास बरीच वर्षे माझ्याकडे आहे, आणि निवडणूक आली की मतदान केंद्रावरच्या टेबलाशीही मी अनेकदा बसलो आहे. तेवढ्या अधिकाराने बोलतो.

मत देणे ही गोष्ट आज आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की ती कधीकाळी मूठभरांची मिरास होती हे ध्यानातही येत नाही. इंग्रजी अमलात मत कोणाला? ज्याच्या नावावर जमीन आणि तिचा ठरावीक सारा, जो प्राप्तिकर भरतो, ज्याच्यापाशी काही पदवी आहे त्याला. १९१९ च्या कायद्याने जी कायदेमंडळे आली त्यांच्या मतदारांत कष्टकरी माणूस जवळजवळ नव्हताच. स्त्रियांचा प्रश्न तर प्रांताप्रांतांवर सोपवला होता. मुंबई इलाख्याने १९२१ साली स्त्रियांवरची बंदी उठवली खरी, पण मालमत्तेची अट तशीच राहिली, आणि मालमत्ता असलेल्या बायका त्या काळी होत्या किती?

१९३५ चा कायदा आला तेव्हा मतदारांची संख्या वाढून सुमारे ३ कोटी झाली. त्या वेळी स्त्रियांसाठी एक निराळी वाट काढण्यात आली. नवऱ्यापाशी पुरेशी मालमत्ता असेल तर अनेक प्रांतांत त्याच्या बायकोलाही मत मिळे. म्हणजे बाई मतदार झाली ती 'अमक्याची बायको' म्हणून. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

सर्व प्रौढ माणसांना मत द्यावे, ही मागणी मात्र त्याआधीपासून होत होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्याच वर्षीच्या नेहरू अहवालातही ती मागणी होती. सरकारचे उत्तर ठरलेले होते. १९३२ साली लॉर्ड लोथियन यांच्या समितीने सांगून टाकले की एवढ्या अफाट आणि निरक्षर देशात सर्वांचे मतदान घेणे व्यवहारात जमणारे नाही. सरकारची ही अडचण अगदीच खोटी होती असे नाही. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली शिरगणती झाली तेव्हाही शंभरांतली जेमतेम अठरा माणसे साक्षर होती आणि बायकांत तर शंभरांतल्या नऊसुद्धा नव्हत्या.

अशा देशाच्या घटनेत आपल्या पुढाऱ्यांनी एक वाक्य घालून टाकले, की एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला मत. त्यात साऱ्याची अट नाही, साक्षरतेची नाही, पुरुष की बाई हा प्रश्न नाही. इंग्लंडसारख्या देशाला जिथे पोचायला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या, तिथे आपण एका उडीत गेलो.

वाक्य लिहून झाले. ते खरे करून दाखवण्याचे काम आले सुकुमार सेन या बंगाली गृहस्थांवर. सेन आय. सी. एस. मधले, पण मूळचे गणिती. लंडन विद्यापीठाचे गणितातले सुवर्णपदक त्यांनी मिळवले होते. पश्चिम बंगालचे ते मुख्य सचिव होते. १९५० च्या मार्च महिन्यात ते देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पंडित नेहरूंना निवडणूक १९५१ च्या वसंतात हवी होती; सेनांनी त्यांना थोडे थांबायला लावले. गणिती माणूस उगाच थांबायला सांगत नाही. त्यांच्यापुढे आकडे उभे होते. १७ कोटी ३२ लाख मतदार, २ लाख २४ हजार मतदान कक्ष, २० लाखांच्या घरात लोखंडी पेट्या आणि त्यांना ८,२०० टन पोलाद. नुसत्या याद्या टंकून जुळवायला साडेसोळा हजार कारकून सहा महिन्यांच्या करारावर नेमावे लागले.

पण पोलाद पैशाने मिळते, कारकून पगाराने मिळतो. सेनांची खरी अडचण निराळीच निघाली. याद्या करायला माणसे दारोदार गेली आणि बायकांनी नावेच सांगितली नाहीत!

"बाई, तुमचे नाव सांगा," म्हटले की आतून उत्तर यायचे, अमक्याची आई. अमक्याची बायको. अमक्याची लेक. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश या भागांत हे फार झाले. परपुरुषाला आपले नाव सांगणे मर्यादेला सोडून, अशी समजूत. घरच्या पुरुषांनाही त्यात वावगे वाटत नसे. याद्या करणाऱ्यांनी तसेच लिहून घेतले आणि लक्षावधी मतदार बिननावाचे झाले.

सेनांनी ते मानले नाही. 'अमक्याची आई' ही ओळख झाली, नाव नव्हे, म्हणून ज्या बाईचे स्वतःचे नाव मिळणार नाही तिला यादीतून वगळावे, असा हुकूम सुटला. देशात सुमारे ८ कोटी स्त्री-मतदार होत्या. त्यांतल्या जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नोंद या कारणाने गेली.

हा निर्णय बरोबर होता काय? मी वर्गात हा प्रश्न विचारतो तेव्हा मुलांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गुरुजी, हा अन्याय झाला. बिचाऱ्यांचा काय दोष? दुसरा म्हणतो, आज तसेच चालवून घेतले असते तर उद्याही तसेच चालले असते. सेनांचे मत दुसऱ्या तटाचे होते. नावे गळाल्यावर ओरड झाली, आणि ती ओरड चांगली झाली, असेच त्यांनी मानले. पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी हा संकोच मोडेल. मला विचाराल तर दोन्ही तट खरे आहेत. २८ लाख बायकांना स्वतंत्र देशाच्या पहिल्या निवडणुकीत मत देता आले नाही, हे नुकसान भरून येणारे नाही. पण १९३५ च्या कायद्याने बाईला नवऱ्याच्या आधाराने मत दिले होते आणि आता तोच आधार पुरेसा नाही असे सरकार म्हणत होते. हा बदल लहान नव्हता.

आता आमच्या तांब्याकडे वळतो.

आमचे गाव साताऱ्याकडचे. आपल्याकडे उत्तरेसारखा कडक पडदा नाही आणि नावे गळण्याचे प्रमाणही तसे नव्हते. पण आपल्याकडच्या चालीरीतींचीही एक गंमत आहे. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे ते उखाण्यातून, एरवी नाही. तिचे स्वतःचे नाव तर लग्नाच्या दिवशीच जाते. तबकात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवे नाव लिहितो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात. आजीचे तसेच झाले होते. तेरा वर्षांची पोर सासरी आली. तांदळात लिहिलेले नाव तांदळाबरोबर शिजून गेले. घरात तिला 'थोरली' म्हणत. मूल झाल्यावर मुलाची आई म्हणत. बारा वर्षांत ना माहेरचे नाव कोणाच्या तोंडी आले ना सासरचे.

मतदारांच्या यादीसाठी तलाठी ओसरीवर येऊन बसले तेव्हा माझी पणजी जात्यापाशी होती. आजी दाराआड उभी. ही सगळी हकीकत आजीनेच मला अनेकदा सांगितलेली आहे. ती सांगत असे तशीच देतो.

"मावशी, सुनेचं नाव काय घालू?" तलाठ्यांनी विचारले.

"घाला की, थोरल्याची बायकू."

"तसं चालत न्हाई आता. वरनं हुकूम आलाय. नाव पायजे."

पणजीने जाते थांबवले. नाव ठेवले होते एवढे तिला आठवत होते. काय ठेवले होते ते आठवेना. पणजोबा गोठ्यात, त्यांना विचारण्याची सोय नाही. आजोबा शेतावर. आजीला आपले नाव पाठ होते, पण सासूसमोर आणि परक्या माणसापुढे ते कसे बोलायचे? आणि बोलायचे तर कोणते, जन्माचे की तांदळातले? ती गप्प राहिली. तलाठी म्हणाले, "मग न्हवं, ही वळ मोकळी ठिवतो. पर मोकळ्या वळीला मत न्हाई."

त्या वेळी आजीचा सर्वांत धाकटा दीर, मराठी तिसरीतला, ओसरीवर पाटी घेऊन बसला होता. नवे वाचायला येणारे पोर जे दिसेल ते वाचत सुटते. तलाठ्यांना पाणी द्यायला आणलेला तांब्या समोर होता. त्याने मोठ्याने अक्षरे लावली आणि पुरे नाव वाचले. "वैनीच्या तांब्यावर लिवलंय!" असे वर ओरडूनही सांगितले.

तलाठी हसले आणि त्यांनी तांब्यावरचे नाव यादीत उतरवून घेतले. पणजी पुटपुटली, की माहेरचे कशाला. पण शाई वाळली होती.

अशा रीतीने माझी आजी स्वतंत्र भारताची मतदार झाली, ती घरात कोणी न वापरलेल्या नावाने.

नाव यादीत आले म्हणजे मत देता आले असे नव्हे. मत कसे द्यायचे हे शिकवणे उरले होते, आणि शिकणाऱ्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. शिक्षक म्हणून मला या कामाचा फार अचंबा वाटतो. एका वर्गाला एक गोष्ट शिकवताना आमच्या नाकीनऊ येतात. इथे अख्खा देश वर्गात बसलेला होता.

पहिली युक्ती चिन्हांची. पक्षाचे नाव वाचता येत नाही, तर त्याचे चित्र ओळखावे. चित्रेही कशी, तर रोजच्या पाहण्यातली. बैलजोडी, झोपडी, झाड, हत्ती, कणीस आणि विळा, मातीचा दिवा. बैलजोडी ओळखायला शाळेत जावे लागत नाही. दुसरी युक्ती पेट्यांची. आज आपण एकाच यंत्रावर बटण दाबतो. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले. मतपत्रिकेवर काही लिहायचे नाही, शिक्का मारायचा नाही. आडोशाला जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत ती टाकायची. या मतपत्रिका छापल्या गेल्या आपल्या नाशिकच्या सरकारी छापखान्यात, आकाराने एक रुपयाच्या नोटेएवढ्या. पेट्यांतल्या कित्येक लाख मुंबईजवळ विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. कोणी दोनदा मत देऊ नये म्हणून बोटाला लावायची न पुसणारी शाई आपल्या शास्त्रज्ञांनी बनवली. तिच्या ३,८९,८१६ कुप्या त्या निवडणुकीत लागल्या.

हे सगळे लोकांना समजावून सांगायला एक बोलपट काढला आणि १९५१ च्या वर्षात तो तीन हजारांवर चित्रपटगृहांत दाखवला. मत म्हणजे काय, ते कसे द्यावे, मतदाराचे कर्तव्य काय, हे त्यात होते. जिथे चित्रपटगृह नव्हते तिथे रेडिओ पोचला. ठिकठिकाणी मतदानाच्या रंगीत तालमी झाल्या. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी असाच एक बोलपट तेरा भाषांत काढला; त्यात कोणत्याही पक्षाचा प्रचार वाटेल असे काही चुकूनसुद्धा येऊ नये याची काळजी घेतली होती. मला या काळजीचे फार महत्त्व वाटते. मत द्यायला शिकवायचे आणि कोणाला द्यायचे याबद्दल चकार शब्द काढायचा नाही! मुलाला गणिताची रीत शिकवावी, उत्तर सांगू नये, तसेच हे. चांगल्या मास्तराची हीच खूण.

शिकवण्यात जिथे अडचण राही तिथे मते वाया जात. काही मतदारसंघ दोन सदस्यांचे होते, एक सर्वसाधारण जागा आणि एक राखीव. तिथे मतदाराला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकायच्या असत. ही गोष्ट आजही समजावून सांगायला दोनदा सांगावी लागते. तेव्हा किती जणांचा घोळ झाला असेल! १९५२ साली घटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर ज्या उत्तर मुंबई मतदारसंघात पराभूत झाले, तोही असाच दोन सदस्यांचा होता.

मतदान सुरू झाले २५ ऑक्टोबर १९५१ या दिवशी, हिमाचलातल्या चिनी तहसिलीत. हिमालयात बर्फ पडून वाटा बंद होण्याआधी तिथले उरकायचे होते. चिनी म्हणजे आजचे कल्पा. तिथले एक शाळामास्तर श्यामसरन नेगी यांची त्या दिवशी दुसऱ्या केंद्रावर कामगिरी होती, म्हणून त्यांनी आपल्या केंद्रावर सकाळीच मत देऊन घेतले आणि देशाचे पहिले मतदार म्हणून ते प्रसिद्धीला आले. पुढे एकही निवडणूक त्यांनी चुकवली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांनी घरूनच टपाली मत दिले आणि तीन दिवसांनी देह ठेवला. आमच्या धंद्यातला माणूस, म्हणून मला त्यांचा जरा जास्तच अभिमान वाटतो.

बाकीचा देश पुढच्या चार महिन्यांत मत देऊन मोकळा झाला. मुंबईत शंभरांतल्या सत्तर मतदारांनी मत दिले. गिरणगावात थंडीच्या पहाटे, केंद्रे उघडण्याआधीच रांगा लागल्या होत्या, आणि मलबार हिलवरची मंडळी मात्र फिरायला निघाल्यासारखी सवडीने आली. महाराष्ट्राच्या खेड्यातला एक नव्वदीचा म्हातारा विधानसभेचे मत देऊन लोकसभेच्या पेटीकडे जाण्याआधीच कोसळला आणि मरण पावला. सबंध देशात शंभरांतल्या पंचेचाळिसांच्या आसपास माणसांनी मत दिले. ज्यांना हे जमणार नाही असे जाणत्यांनी ठरवून टाकले होते, त्यांच्यासाठी हा आकडा थोडा नव्हे. सेनांची कीर्ती एवढी झाली की १९५३ साली सुदान देशाने आपल्या पहिल्या निवडणुकीसाठी त्यांना बोलावून नेले.

आमच्या गावचे मतदान शाळेत झाले. आजी सासूबरोबर गेली, डोक्यावर पदर, पायांत वहाणा नाहीत. बायकांची रांग वेगळी. टेबलामागच्या माणसाने यादीवर बोट ठेवून मोठ्याने तिचे नाव पुकारले. रांगेतल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. या नावाची कोण? आजी तिथेच खिळली. पणजीने कोपराने ढोसले, "जा की, तूच न्हवं का ती!"

म्हातारपणी ही गोष्ट सांगताना आजी इथे नेहमी थांबायची. एकदा म्हणाली, "मला वाटलं, माझी आयच हाका मारतीया. ती जाऊन सा वर्सं झाल्ती."

मत तिने कोणाला दिले ते आजोबांनी घरी आल्यावर विचारले. तिने सांगितले नाही. "सिनिमात सांगिटलंय, कुणाला सांगाचं न्हाई," असे ती म्हणाली. तिने तो बोलपट पाहिलेला नव्हता. गावातल्या कोणा पोराने तालुक्याला पाहून येऊन सांगितलेले तिच्या कानावर होते. आजोबा चार दिवस रुसले. मग त्यांनी विचारणे सोडून दिले. ती गेली तोवर कितीतरी निवडणुका झाल्या, पण ते गुपित तिने सोबत नेले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९५७ सालापर्यंत शंभर प्रौढ स्त्रियांतल्या चौऱ्याण्णवांची नावे यादीत आली. सेनांचा अंदाज खरा ठरला. जुन्या पेट्या जपून ठेवल्यामुळे त्या निवडणुकीचा खर्चही पहिलीपेक्षा साडेचार कोटी रुपयांनी कमी आला. हिशेबी माणसाच्या हाती कारभार असला की असे होते. १९६२ साली पेट्यांची पद्धत बहुतेक सगळीकडे गेली आणि एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची आली. लोकांना पुन्हा नव्याने शिकावे लागले. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूला फूल आणि वेगळे राहण्याच्या बाजूला दोन पाने अशी चिन्हे होती. एवढा मोठा प्रश्न, आणि तो फुलापानांवर येऊन ठेपला; पण ज्याला त्याला तो समजला आणि गोव्याने दोन पानांचा कौल दिला. १९८९ पासून अठराव्या वर्षी मत मिळू लागले. १९८२ साली केरळातल्या परवूरला पहिल्यांदा वापरलेली यंत्रे २००४ साली देशभर आली. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो, कारण १९५० साली त्याच दिवशी निवडणूक आयोग स्थापन झाला. आणि ज्या देशात २८ लाख बायकांनी नाव सांगितले नव्हते, तिथे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत बायकांच्या मतदानाचे प्रमाण पहिल्यांदाच पुरुषांपेक्षा तसूभर पुढे गेले.

मतदान केंद्रावर माझ्याकडे बहुधा पहिल्या टेबलाचे काम येते. यादीतले नाव शोधायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचायचे. पूर्वी मला ते कंटाळवाणे वाटे. आता वाटत नाही. एखादी म्हातारी येते, थरथरत्या हाताने चिठ्ठी पुढे करते, मी तिचे नाव खणखणीत वाचतो, आणि तिची मान किंचित वर होते. कदाचित तो माझ्या मनाचा खेळ असेल. पण मी नाव कधी पुटपुटत नाही.

वाईट वाटते ते एकाच प्रसंगी. सकाळपासून रांगेत उभा राहिलेला माणूस टेबलाशी येतो आणि त्याचे नाव यादीत सापडत नाही. कधी घर बदललेले असते, कधी स्पेलिंगाचा घोळ, कधी कोणाच्या हातून झालेली चूक. तो म्हणतो, "गुरुजी, मी हा इथे उभा आहे ना!" आणि मला त्याला परत पाठवावे लागते. २८ लाखांची गोष्ट मला तेव्हा पुस्तकातली वाटत नाही. म्हणून वर्गातल्या मोठ्या मुलांना मी दरवर्षी एक गृहपाठ देतो. दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे नाव यादीत आहे की नाही ते पाहून या. नसेल तर सहा नंबरचा अर्ज, चुकले असेल तर आठ नंबरचा. निबंधापेक्षा हा गृहपाठ मुले आवडीने करतात. एका मुलीने येऊन सांगितले, "गुरुजी, आजीचं खरं नाव मला पहिल्यांदाच कळलं."

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, महाराष्ट्र सरकारच्या निर्णयाने, आईचे नाव वडिलांच्या आधी लिहायचे झाले आहे. ती बातमी वाचली तेव्हा मला आमची ओसरी आठवली. जात्याचा थांबलेला आवाज, तलाठ्यांच्या हातातला टाक, आणि दाराआड उभी असलेली, आपले नाव पाठ असूनही बोलू न शकणारी एक पंचविशीची बाई.

तांब्या घासून झाल्यावर धाकटीने तो उन्हात ठेवला. मग ती यादीतले नाव मोठ्याने वाचावे तसे त्यावरचे नाव वाचत अंगणभर हिंडली. मी तिला थांबवले नाही. यंदा तो तांब्या माळ्यावर गेलेला नाही. लक्ष्मीपूजनाला पाण्याने भरून देवापुढे ठेवायचा, असे घरात ठरले आहे.